वजन उतरणार नाही, तरीही कराटे शिकू द्या

उन्हाळ्याची सुट्टी लागली की तालुक्याच्या गावांत कराटे, तायक्वांदो, किक-बॉक्सिंगच्या शिबिरांचे फलक लागतात. त्यांवर आत्मसंरक्षण, शिस्त, एकाग्रता यांच्या जोडीला हल्ली ‘वजन कमी करा’ हेही लिहिलेलं असतं. ज्यांचं मूल बारा-चौदा वर्षांचं आणि अंगानं जड आहे, त्यांना हाच शब्द पटकन दिसतो. पोरगं दिवसभर मोबाइल घेऊन बसतं, मैदानावर जायला लाजतं, वर्गातली मुलं चिडवतात. क्लासला घातलं तर निदान बारीक तरी होईल, अशा आशेनं फी भरली जाते. तीन महिन्यांनी काट्यावर उभं केलं तर आकडा जवळपास तिथंच असतो, कधी तर किलोभर वरच गेलेला असतो. मग घरात ठरतं की या मुलाकडून काही होणार नाही, आणि क्लास बंद होतो. या लेखाचं सांगणं असं, की क्लासला घालण्याचा निर्णय बरोबर होता, बंद करण्याचं कारण मात्र चुकीचं निघालं. युद्धकलेच्या सरावानं जाड मुलाला जे मिळतं ते वजनकाट्याला दिसत नाही. आणि जे काट्याला दिसत नाही तेच पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी जास्त मोलाचं आहे.

याचा अगदी नेमका पुरावा ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या एका अभ्यासात सापडतो. तिथं ट्रेसी त्सांग आणि सहकाऱ्यांनी जास्त वजनाच्या वीस किशोरवयीन मुलामुलींचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून तीनदा कुंग फू शिकवलं. दुसऱ्या गटाला तितकाच वेळ ताई ची, म्हणजे संथ, फारशी धाप न लागणाऱ्या हालचाली. दोन्ही गटांना शिक्षक होते, दोघांनाही आपण काही नवं शिकतोय असं वाटत होतं, त्यामुळे नुसत्या उत्साहाचा परिणाम बाजूला काढता आला. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा शरीरातल्या चरबीच्या बाबतीत दोन गटांत फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला. पण त्याच मुलांच्या शारीरिक क्षमतेचे आकडे २०१० मध्ये आले, आणि तिथं चित्र वेगळं होतं. कुंग फू करणाऱ्यांच्या हृदयाची आणि श्वसनाची दमदारी वाढली होती, पायांचे स्नायू जास्त वेळ टिकत होते, हातांचा वेग सुधारला होता. वीस मुलं म्हणजे फार लहान संख्या, त्यावरून मोठे सिद्धांत बांधू नयेत हे खरं. तरीही या अभ्यासाचं मोल असं, की त्यानं दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून दाखवल्या: वजन न हलताही शरीर सुधारू शकतं.

वजन का हलत नाही, हे साध्या हिशेबानं समजतं. शारीरिक हालचालींना किती ऊर्जा लागते याची संशोधकांनी कोष्टकं केलेली आहेत. त्यांत नवशिक्याचा संथ गतीचा युद्धकला सराव हा स्वस्थ बसण्याच्या सुमारे सव्वापाच पट मानला आहे. साठ किलोच्या मुलानं तासभर असा सराव केला, तर बसून राहण्याच्या तुलनेत ढोबळमानानं अडीचशे ते पावणेतीनशे कॅलरी जास्त खर्च होतात. एका वडापावात साधारण तेवढ्याच असतात. आठवड्यातून तीन दिवस क्लास धरला तर आठशेच्या आत-बाहेर कॅलरी, आणि किलोभर चरबी म्हणजे सात-साडेसात हजारांहून अधिक. म्हणजे क्लासनंतर एकही घास जास्त न खाता दहा आठवड्यांत जेमतेम एक किलो. त्यात तासभराच्या क्लासमधला बराच वेळ रांगेत उभं राहण्यात, सरांचं ऐकण्यात आणि आपली पाळी येण्यात जातो. शिवाय हे मूल वाढीच्या वयात आहे. उंची वाढते, हाडं भरतात, स्नायू येतात; या वयात वर्षाला चार-पाच किलो वजन वाढणं हे निरोगी मुलाचंही लक्षण असतं. म्हणून उंची तीन-चार सेंटिमीटर वाढली आणि वजन तेवढंच राहिलं, तर ते अपयश मानू नये. अनेक मुलांच्या बाबतीत डॉक्टरांना तेच हवं असतं. आहार, व्यायाम आणि सवयी अशा तिन्ही बाजूंनी काम करणाऱ्या उपक्रमांचा २०१७ साली कॉक्रेन संस्थेनं आढावा घेतला. बारा ते सतरा वयाच्या साडेचार हजारांहून जास्त मुलांच्या चाचण्या त्यात होत्या. तिथंही काहीच न केलेल्या मुलांशी तुलना करता सरासरी फरक साडेतीन-पावणेचार किलोंचा निघाला. सगळी यंत्रणा मागे लावून इतकं होतं, तर एकट्या कराटेच्या क्लासनं दहा किलो उतरवावेत ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

मग क्षमता वाढून नेमकं काय साधतं? आपण खाल्लेली साखर रक्तातून उचलून नेण्याचं सगळ्यात मोठं काम स्नायू करतात. स्नायू आखडतो-सैलावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढून घेऊ शकतो. नियमित सरावानं त्याची ही ताकद वाढते आणि स्वादुपिंडावरचा भार हलका होतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये सोजंग ली यांच्या गटानं लठ्ठ किशोर मुलग्यांवर तीन महिन्यांचा प्रयोग केला. जेवण कमी करायला सांगितलं नव्हतं, फक्त आठवड्यातून तीन दिवस तासभर व्यायाम. एका गटाला धाप लागणारा, दुसऱ्याला ताकदीचा. दोन्ही गटांत पोटाच्या आतली आणि यकृतातली चरबी घटली. इन्सुलिनला शरीर चांगला प्रतिसाद देऊ लागलं ते ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांत. पुढे मुलींवर तसाच प्रयोग केला तेव्हा त्यांना धाप लागणाऱ्या व्यायामाचा फायदा जास्त दिसला. कराटे किंवा तायक्वांदोच्या एका तासात गुडघे वाकवून खाली धरलेल्या ठाणांत मिनिटं-मिनिटं उभं राहणं, जोर मारणं हे ताकदीचं काम असतं. आणि सलग ठोसे-लाथा मारणं, पुढे-मागे सरकत जोडीदाराबरोबर सराव करणं हे धाप लागणारं. दोन्ही प्रकारचा व्यायाम एकाच तासात होतो, ही या कलांची जमेची बाजू म्हणायला हरकत नाही. वजन न उतरताही शरीर सुधारतं, या मुद्द्याचं टोकाचं उदाहरण जपानचे सुमो मल्ल. एवढ्या अवाढव्य देहांची तपासणी जपानी संशोधकांनी केली, तेव्हा सराव चालू असलेल्या मल्लांची चरबी बहुतांश कातडीखाली आढळली, पोटातल्या अवयवांभोवती कमी. आणि रक्तातली साखर व चरबीही त्या मानानं आटोक्यात. सुमोंसारखं व्हावं असा याचा अर्थ नाही. देहाचं आकारमान आणि देहाचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये सराव उभा असतो, एवढंच त्यातून घ्यायचं.

इथं पहिला मोठा आक्षेप येतो. हे सगळं सिडनीचं, पिट्सबर्गचं, फार तर पुण्या-मुंबईचं दुखणं. बदनापूरचा त्याच्याशी काय संबंध? जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचं, कोरडवाहू शेतीच्या पट्ट्यातलं हे तालुक्याचं गाव. पाऊस दगा देतो, आणि जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं मुलांना सोबत नेतात. जिथं पोरं कुपोषित, तिथं लठ्ठपणावर शाई कशाला खर्चायची? आक्षेप सहज झटकण्याजोगा नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयाची जवळपास चोवीस टक्के मुलं वयाच्या मानानं किडकिडीत निघाली; जास्त वजनाची सुमारे पाच टक्केच. पण त्याच सर्वेक्षणात मुलांचं रक्तही तपासलं होतं. त्यात दर दहांतलं एक किशोरवयीन मूल मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळलं, आणि सोळा टक्के मुलांच्या रक्तात ट्रायग्लिसराइड ही चरबी प्रमाणाबाहेर होती. जाड मुलं पाच टक्के आणि बिघडलेली रक्तं त्याहून कितीतरी जास्त, याचा अर्थ बिघाड जाड न दिसणाऱ्या मुलांतही आहे.

हे कोडं सोडवण्यात महाराष्ट्राचाच मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं स्नायूंनी, अवयवांनी लहान होती. पण कातडीखालची चरबी त्या प्रमाणात घटलेली नव्हती. म्हणजे हडकुळं दिसणारं बाळही चरबी राखून जन्माला येत होतं. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं: उंचीच्या तुलनेतलं वजन मोजणारा दोघांचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. जन्मतः वजन कमी, पुढे पैसा-पाणी बरं झाल्यावर घरात बेकरीचा माल, फरसाण, गोड चहा, थंड पेयं, शाळेत जायला दुचाकी, आणि शरीरात मुळातच स्नायू कमी: या सगळ्याची गाठ ज्या गावात पडते, ते गाव महानगरापेक्षा सुरक्षित नसतं. दुष्काळातून थोडं सावरलेल्या मराठवाड्याच्या तालुका ठिकाणांना ही धोक्याची खूण नीट लागू पडते. स्नायू वाढवणारा व्यायाम इथं चैनीचा विषय ठरत नाही, कारण इथल्या मुलांच्या शरीरात मुळात तूट स्नायूंचीच आहे.

घरच्यांना दिसू शकणारी एक खूणही सांगितली पाहिजे. अनेक जाड मुलांच्या मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि जाडसर, मखमली होते. आई ती मळ समजून दगडानं घासते, मूल रडतं, काळेपणा जात नाही. बऱ्याचदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. अशा मुलाला सरकारी रुग्णालयात किंवा बालरोगतज्ज्ञाकडे नेऊन रक्ताची साखर आणि रक्तदाब तपासायला हवा. मुलीची पाळी सतत लांबत असेल तर तेही सांगायला हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून शाळांमध्ये जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१५ साली डॉ. वामन खाडिलकर आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकारानं आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्ते काढले. त्यांत जास्त वजनाची रेषा पाश्चात्त्य तक्त्यांपेक्षा खालीच ओढली आहे, कारण आपल्याकडे आजार लवकर लागतो. ‘खात्यापित्या घरचं दिसतंय’ असं कौतुक करण्याआधी या तक्त्यावर एक नजर टाकावी.

दुसरा आक्षेप सरळ आहे. व्यायामच हवा ना? मग चालणं फुकट आहे, धावणं फुकट आहे, शाळेत कबड्डी-खोखो आहे. फी भरून पांढरे कपडे शिवून घ्यायची गरज काय? शरीराला खरोखर फरक पडत नाही. रोज तासभर धावणारं मूल कराटे करणाऱ्यापेक्षा कमी निरोगी असण्याचं काही कारण नाही. अडचण अशी, की जाड मूल रोज तासभर धावत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे पाच ते सतरा वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी साठ मिनिटं दमवणारी हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम करावा. २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं ही साठ मिनिटं पुरी करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के होतं. व्यायामाचे प्रकार कमी पडतात म्हणून असं होत नाही. सुरू केलेला व्यायाम टिकत नाही म्हणून होतं. म्हणूनच कोणता व्यायाम उत्तम यापेक्षा कोणत्या व्यायामात जाड मूल वर्षभर टिकेल हा प्रश्न आधी विचारायचा.

शाळेचं मैदान हलक्या मुलांच्या बाजूनं कललेलं असतं. शर्यतीत जाड मूल सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेवटी येतं. खोखोत पहिल्यांदा बाद होतं. कबड्डीत संघ निवडताना शेवटपर्यंत उभं राहतं. स्वतःचंच वजन उचलून पळायचं असल्यामुळे त्याला दम लवकर लागतो, गुडघे दुखतात, आणि वर हसू होतं. असं दोन-चारदा झालं की ते मूल पोट दुखतंय असं सांगून वर्गात बसायला शिकतं. युद्धकलेच्या क्लासमध्ये रचना वेगळी असते. सगळे एकाच वेळी, एकाच तालावर, आपापल्या जागी तीच हालचाल करतात. मागे पडल्याचं उघड दिसत नाही. ज्युदोत किंवा कुस्तीत जड देहाला पाडणं अवघड असतं, कराटेच्या ठाणात खालचं वजन पाया देतं. जे अंग मैदानावर ओझं होतं ते इथं थोडंफार भांडवल ठरतं. प्रगतीची मोजणी पट्ट्याच्या रंगानं होते, आणि ती मुख्यतः आपल्याच मागच्या परीक्षेशी. पांढऱ्यावरून पिवळा पट्टा मिळायला वजन घटावं लागत नाही, काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, पाठ आणि ठाण नीट असावं लागतं. तीन-चार महिन्यांनी गाठता येणारं, डोळ्यांना दिसणारं ध्येय हे लठ्ठ मुलाच्या आयुष्यात दुर्मीळ असतं. ‘वीस किलो कमी कर’ हे ध्येय त्याला हरवण्यासाठीच ठेवलेलं असतं. ‘पुढच्या परीक्षेत दुसरा काता नीट कर’ हे त्याच्या हातातलं असतं. अमेरिकेत लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी २००४ मध्ये एका शाळेतल्या दोनशे सात मुलांवर केलेल्या अभ्यासात, नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासाऐवजी तीन महिने तायक्वांदो शिकवल्यावर मुलांचा स्वतःवरचा ताबा जास्त सुधारल्याचं दिसलं. पुडा उघडल्यावर अर्ध्यावर थांबणं, सकाळी अंथरुणातून उठणं, यांना हाच ताबा लागतो.

तिसरा आक्षेप पालकांच्या मनात असतो, पण बोलला क्वचित जातो: मारामारी शिकवली तर पोरगं गुंड होईल. पुरावा इथं दोन्ही बाजूंनी बोलतो, आणि तो तसाच ठेवला पाहिजे. नॉर्वेमध्ये एंड्रेसन आणि ओल्वेयस यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणं आणि पौर्वात्य युद्धकला करणाऱ्या मुलग्यांमध्ये दांडगाईकडे कल वाढल्याचं आढळलं. उलट, ट्रुलसन यांच्या १९८६ च्या एका छोट्या अमेरिकी प्रयोगात उपद्रवी किशोरांचे गट केले होते. ध्यान, नमस्कार, विचार आणि संयम यांसह पारंपरिक पद्धतीनं तायक्वांदो शिकलेल्या मुलांची आक्रमकता सहा महिन्यांत उतरली. फक्त लढाईचं तंत्र शिकलेल्यांची वाढली. यावरून पाहायचं ते शिकवणाऱ्याकडे. कला तीच, परिणाम उलटे. म्हणून क्लास निवडताना भिंतीवरच्या ढाली मोजण्यापेक्षा दोन संध्याकाळ बाजूला बसून पाहावं: सर चुकलेल्या मुलाशी कसं बोलतात, जाड मुलाला नाव ठेवतात का, शिक्षा म्हणून बैठका घालायला लावतात का. व्यायामच जिथं शिक्षा असतो, तिथं व्यायामाची गोडी लागत नाही.

दुखापतीचं भय मात्र खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेनं २०१६ साली या विषयावर दिलेला सल्ला आपल्याकडेही जसाच्या तसा लागू पडतो: मुलांची सुरुवात प्रत्यक्ष प्रहार नसलेल्या सरावानं व्हावी, मूलभूत तंत्र पक्कं झाल्याशिवाय स्पर्धा आणि लढत नको, डोक्यावर प्रहार तर नकोच, शिरस्त्राण घातलं म्हणून मेंदूला धक्का बसत नाही असं समजू नये. जड मुलांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टींची काळजी हवी. त्यांच्या गुडघ्या-घोट्यांवर भार जास्त असल्यामुळे पहिले काही महिने उड्या आणि फिरत्या लाथा कमी ठेवाव्यात. आणि मूल लंगडत असेल, मांडी किंवा गुडघा सतत दुखत असेल, तर लिंबाचा पाला बांधून वाट पाहू नये. या वयात जाड मुलांच्या मांडीच्या हाडाचं डोकं खुब्यात सरकू शकतं आणि उशीर झाला तर कायमचं व्यंग राहतं. तिसरा धोका स्पर्धांचा. शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये लढती वजनगटांत होतात, दहावी-बारावीला क्रीडा गुणांची सवलत असते, त्यामुळे खालच्या गटात बसवण्यासाठी दोन दिवस उपाशी ठेवणं, पाणी तोडणं असले प्रकार करण्याचा मोह होतो. वाढत्या वयाच्या मुलाला, त्यातही मराठवाड्याच्या उन्हात, हा जिवाशी खेळ आहे. असं सुचवणाऱ्या क्लासमधून मुलाला त्याच दिवशी काढावं.

‘परदेशी कराटे कशाला, आपली तालीम काय वाईट?’ हाही प्रश्न येतो, आणि तो योग्य आहे. बदनापूरच्या शेजारीच, जालन्यात, डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली आणि बुलढाण्याच्या बाला रफिक शेखनं गदा उचलली. म्हणजे कुस्तीची ओढ या भागात आहेच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९१४ पासून, दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरानं १९२५ पासून मुलांना मल्लखांब, लाठी आणि जोर-बैठकांची गोडी लावली. २०२२ मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये मल्लखांब पदकांसाठी खेळला गेला. जोर-बैठका म्हणजे आज जिममध्ये पैसे देऊन शिकवतात तोच ताकदीचा व्यायाम. जाड मुलाच्या दृष्टीनं मात्र दोन फरक लक्षात घ्यावे लागतात. मल्लखांबावर स्वतःचं सगळं वजन हातांवर तोलायचं असतं, त्यामुळे सुरुवातीलाच मूल खचतं. त्याला आधी दोरी, लेझीम, लाठी-काठी द्यावी. कुस्तीच्या तालमीत वस्तादाचं लक्ष अनेकदा स्पर्धेत उतरणाऱ्या पठ्ठ्यावर असतं, आणि ‘खुराक’ नावाखाली दूध-तूप-बदामाचा मारा होतो. पाच तास मेहनत करणाऱ्या मल्लाचा खुराक तासभर सराव करणाऱ्या मुलाला लागू नाही. हे दोन फरक सांभाळले तर तालीम कराटेइतकीच उपयोगी आहे. खुद्द कराटेही लढाईचं तंत्र म्हणून शाळांत शिरलं नव्हतं. ओकिनावात अंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास ते शाळेत आणलं ते विद्यार्थ्यांच्या शरीरसंवर्धनासाठी, आणि त्यासाठी त्यांनी धोक्याच्या हालचाली सौम्य केल्या. आपल्या लाठी-काठी आणि दांडपट्ट्यालाही अशीच शाळेत बसणारी, जाड-बारीक सगळ्यांना पेलणारी रचना देता येईल.

मुलींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पाळी सुरू झाली की खेड्यापाड्यांतल्या बहुतेक मुलींचं मैदान सुटतं. घरकामाचा भार वाढतो, अंधार पडायच्या आत घरी यायचं बंधन येतं, धावताना लोक बघतात याची लाज वाटते. मुलगी जाड असेल तर लग्नाच्या बोलण्यात तिचं वजन येतं, पण ते उतरवायला तिला मोकळी जागा कुणी देत नाही. समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण नावाची योजना आहे. सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिने आत्मसंरक्षणाचे धडे देण्यासाठी शाळेला पैसे मिळतात आणि ते अनेक ठिकाणी कराटेवर खर्च होतात. आत्मसंरक्षणाच्या नावाखाली घरचे परवानगी देतात, ही या योजनेची खरी ताकद. तिची कमजोरी मुदतीत आहे. सिडनीच्या मुलांमध्ये दिसलेला फरक आठवड्यातून तीन दिवस, सहा महिन्यांच्या सरावानंतरचा होता. तीन महिन्यांत मुली ठोसा मारायला शिकतात, तोवर सर निघून जातात आणि सराव थांबतो. सराव थांबला की कमावलेला दम काही आठवड्यांत उतरू लागतो. म्हणून शाळेतल्याच एखाद्या शिक्षिकेला किंवा वरच्या वर्गातल्या मुलींना तयार करून योजना संपल्यावरही सकाळच्या परिपाठानंतर वीस मिनिटं सराव चालू ठेवणं, हे नवी योजना आणण्याइतकंच महत्त्वाचं आहे आणि त्याला खर्च जवळपास नाही.

बदनापूरसारख्या गावाला हे सगळं आवाक्याबाहेरचं नाही. कराटेला किंवा लाठीला मॅट असलेला हॉल लागत नाही. शाळेचं आवार, मंगल कार्यालयाचं रिकामं अंगण, नगर पंचायतीची मोकळी जागा पुरते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव सकाळी सातच्या आत उरकावा आणि दर पंधरा मिनिटांनी पाणी द्यावं. जड मुलाला उष्णता लवकर बाधते. महिन्याला वजन करण्याऐवजी तीन महिन्यांतून एकदा चार गोष्टींची नोंद ठेवावी: न थांबता किती मिनिटं भरभर चालता येतं, किती बैठका होतात, कंबरेचा घेर किती, आणि महिन्यात किती दिवस हजेरी लागली. यातली हजेरी सगळ्यात महत्त्वाची, कारण बाकीचे तीन आकडे तिच्यामागून येतात. आहाराचं पथ्य बाहेरून आणायची गरज नाही. बदनापूरचं कृषी संशोधन केंद्र तूर आणि मुगाच्या वाणांसाठी राज्यभर ओळखलं जातं; इथली बीडीएन-७११ तूर शेतकऱ्यांच्या ओळखीची आहे. स्नायू घडायला प्रथिनं लागतात, आणि ती देणारी डाळ ज्या मातीत पिकते, तिथल्याच ताटात तिचं पाणी जास्त आणि डाळ कमी असते. घट्ट वरण, मोडाची उसळ, ज्वारीची भाकरी, ताक आणि जालन्याची मोसंबी रस न काढता सोलून, एवढं क्लासनंतर मिळालं तर वेगळ्या पावडरीच्या डब्याची गरज नाही. पाळायचं पथ्य एकच, पण कडक: ‘आज क्लास केला’ म्हणून बक्षीस म्हणून वडापाव आणि थंड पेय द्यायचं नाही, वरचा हिशेब आठवावा.

शेवटचा आक्षेप विचारी वाचक घेईल, आणि तो बऱ्याच अंशी बरोबर आहे. मुलांचा लठ्ठपणा मुलांच्या आळसातून येत नाही. शाळेच्या फाटकाजवळ पाच रुपयांत मिळणारी पाकिटं, खेळाच्या तासाला घेतलेलं गणित, भरधाव रस्त्यामुळे सायकलवर सोडायची भीती, गावातली आक्रसत गेलेली मैदानं, हे सगळं मोठ्यांनी केलेलं आहे. त्यावर एका मुलाला क्लासला घालणं हे उत्तर कसं? एकटा क्लास उत्तर नाहीच. फाटकाजवळचा माल, खेळाचा तास आणि मैदान यांसाठी शाळा व्यवस्थापन समितीत आणि नगर पंचायतीत भांडावं लागेल, आणि त्याला वर्षं लागतील. पण आज तेरा वर्षांचं असलेलं मूल तोवर थांबू शकत नाही. त्याचे स्नायू, हाडं आणि व्यायामाशी असलेलं नातं याच पाच-सहा वर्षांत घडतं. ज्या व्यायामात त्याची रोज नाचक्की होत नाही, असा व्यायाम त्याला या काळात मिळवून देणं घराच्या हातात आहे. क्लासच्या जाहिरातींवरून ‘वजन कमी करा’ हे शब्द पुसले गेले पाहिजेत, कारण ते खोटं वचन आहे आणि ते मोडलं की मूल स्वतःला दोष देतं. पालकांनी वर्षाची फी भरताना एवढंच ठरवावं, की वर्ष संपेपर्यंत काटा माळ्यावर राहील आणि हजेरीची वही टेबलावर.